हळदकुंकू लावलेली ड्राइव्ह

"कल तक तो ठीक चल रही थी." माझ्या दुकानात पाय ठेवणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच. दुसरं वाक्य, "मिस्त्री कब आएँगे, दीदी?" पहिल्या वाक्यावर मी कधी वाद घातला नाही, कारण ते खरंच असायचं. दुसऱ्यावर मात्र स्क्रूड्रायव्हर उचलून म्हणायचे, "आ गए. बताइए." मग समोरचा माणूस एकदा दुकानाच्या पाटीकडे बघायचा, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि नाइलाजाने खिशातून ड्राइव्ह काढायचा.

मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत, बांगड्यांचा ठोक व्यापारी आणि पितळी भांड्यांचं दुकान यांच्यामध्ये माझा गाळा होता. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचे अडकलेले फोटो, कागद, आवाज बाहेर काढून द्यायचे, हा माझा धंदा. आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे गाळा बंद केलाय. आमचे पूर्वज पेशवाईत कारकून म्हणून झाशीत आले आणि इथलेच होऊन गेले. त्यामुळे आमच्याकडे बोलायला मराठी, बाजारात हिंदी आणि भांडायला बुंदेली, अशी सोय आहे. गिऱ्हाइकांशी बोलताना मला तिन्ही लागल्या.

धंदा थोडा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुनी हार्ड डिस्क मरण्याआधी बोलते. टकटक करते, कण्हते, करकरते. मी ती कानाशी धरून दुखणं ओळखायचे. नव्या धाटणीच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीत, फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती गप्प जाते. रात्री संगणक धडधाकट बंद केलेला असतो आणि सकाळी तो विचारतो, कुठली ड्राइव्ह?

तिच्या पोटात दोन मुख्य गोष्टी. एक म्हणजे मेमरीच्या चिपा. त्यांत डोळ्यांना न दिसणारे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा कणभर साठा. तो साठा कुठे किती आहे, यावरच तुमचं लग्न, तुमचं पोर, तुमची गाणी लिहिलेली असतात. दुसरी, कंट्रोलर नावाची नखाएवढी चिप. कुठला माल कुठल्या कप्प्यात ठेवलाय, हे फक्त तिला ठाऊक. कप्पे वापराने झिजतात, म्हणून ती माल सारखा इकडून तिकडे हलवते, सडके कप्पे बाद करते, कुठला साठा उतरलेला दिसला तर तो पुन्हा भरून घेते. मी तिला कारभारी म्हणते. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचा कारभार पाहिला. माझ्या वाट्याला हे नखाएवढे कारभारी आले.

कारभारी खोटारडा निघाला तर काय होतं, ते चिरगाँवच्या एका फोटोग्राफरने दाखवलं. त्याने कुठल्याशा जत्रेत मोठ्ठी ड्राइव्ह मातीमोलाने घेतली होती. येऊन म्हणाला, "दीदी, बरात तो है, बिदा नइयाँ." लग्न होतं, वरात होती, जेवणाच्या पंगती होत्या, पण मुलीची पाठवणीच गायब. मी डबी उघडली. आत डिंकाने चिकटवलेलं एक छोटं मेमरी कार्ड आणि हाताला वजन लागावं म्हणून लोखंडाची पट्टी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्या कंट्रोलरला मुळातच खोटं बोलायला शिकवलं होतं. जागा संपल्यावरही तो "ठेवलं, ठेवलं" म्हणत होता आणि माल रस्त्यावर फेकत होता. तिथून मी काय काढणार? पण गडी हिकमती होता. मुलगी श्रावणात माहेरी आली, तेव्हा तिला पुन्हा शालू नेसवून त्याने बिदा नव्याने चित्रित केली. या वेळी मुलगी खुशाल हसत होती, आई मात्र पहिल्यापेक्षा जास्त रडली, असं त्यानेच मला सांगितलं.

दुसरं गिऱ्हाईक गरौठ्याच्या एका धर्मकाट्याचं. धर्मकाटा म्हणजे मालानं भरलेले ट्रॅक्टर तोलायचा मोठा वजनकाटा. वीज गेली आणि काट्याचा संगणक बसला. ड्राइव्ह दिसेचना. अशा वेळी बहुधा कारभारी आपल्याच कप्प्यांचा नकाशा लिहीत असतो आणि मध्येच अंधार होतो. मग त्याला स्वतःचंच घर सापडत नाही. मी त्या ड्राइव्हला फक्त वीज दिली, डेटाची तार लावलीच नाही, आणि तशीच पडू दिली. कुणी काही विचारत नसलं की कधीकधी तो आपला आपण सावरतो. मालक शेजारी चहा पिऊन आले आणि म्हणाले, "चार्ज हो गई?" मी हो म्हटलं. माल वाचला होता, आणि गरौठ्याला ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना त्यांना शिकवणी द्यायची ही वेळ नव्हती.

पण लिहायला बसले ते या दोघांसाठी नाही. मला लिहायचंय आप्पाजींच्या ड्राइव्हबद्दल.

आप्पाजी म्हणजे आमच्या झाशीच्या मराठी मंडळींचे कीर्तनकार. दर गणपतीत त्यांचं कीर्तन ठरलेलं. बबिन्याच्या छावणीतली मराठी फौजी कुटुंबं गाडी करून यायची आणि शेजारपाजारची बुंदेली माणसंही शब्द न कळता शेवटपर्यंत बसायची. मग त्यांना घशाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधीच्या जानेवारीत त्यांचा पुण्याचा मुलगा मुद्दाम येऊन त्यांची सगळी आख्यानं ध्वनिमुद्रित करून गेला होता. हार्ड डिस्क हातातून पडली तर संपते, एसएसडी पडली तरी काही होत नाही, हा त्याचा विचार. तो चुकीचाही नव्हता. त्याने एका एसएसडीत सगळं भरून ती आप्पाजींच्या हाती दिली. पुढे त्याचा लॅपटॉप प्रवासात चोरीला गेला, आणि उरली ती एवढी एकच ड्राइव्ह.

ती घेऊन एका श्रावणात त्यांची नात रेवा दुकानात आली. विशीतली, शाळेत हिंदी शिकवणारी मुलगी. तिने पिशवीतून खणाचं एक बोचकं काढलं. आत ड्राइव्ह, आणि तिच्यावर हळदकुंकवाची बोटं.

"मावशी, यात आप्पांची कीर्तनं आहेत. लॅपटॉपला लावली की लाइट जळते, पण खुलत नाही. कल तक तो…" ती थांबली. "कालपर्यंत चालत होती, असंही नाही म्हणता येणार. लावलीच नव्हती कधी."

"ठेवली कुठे होती?"

"देव्हाऱ्यात. खालच्या खणात."

"आणि नंदादीप?"

"तो वर जळतो नं. अखंड."

मी भिंग लावून तार जोडायचं तोंड पाहिलं. कुंकू आतपर्यंत गेलं होतं. "आणि हे?"

"खंडेनवमीला पूजा होते. झांज, चिपळ्या, पेटी, सगळ्यांसोबत हिलापण हळदकुंकू, फूल. दर साल." माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "इसमें बुरा क्या है, मावशी? आमच्या घरात त्याच्याहून सेफ जागा नाहीये."

तिचंही खरं होतं. आमच्याकडे जे अमोल ते देवापाशी ठेवतात, आणि ज्याच्यावर पोट चालतं त्याची खंडेनवमीला पूजा होते. माझ्या सोल्डरिंग गनचीही होते. पण ती दुसऱ्या दिवशी कामाला लागते. या ड्राइव्हची दरवर्षी पूजा झाली आणि वीज तिला एकदाही मिळाली नाही.

कप्प्यातला विजेचा साठा माठातल्या पाण्यासारखा पाझरतो. फार हळू, पण पाझरतो, आणि उकाड्यात जास्त. ड्राइव्ह विजेवर असली तर कारभारी फेरी मारून उतरलेले माठ भरून ठेवू शकतो. वीजच नसेल तर तो झोपलेला. त्यात हे लिहिलं गेलं जानेवारीच्या कडाक्यात, आणि पुढे झाशीचे उन्हाळे काढले नंदादीपाखालच्या बंद खणात. थंडीत लिहून उन्हात ठेवायचं, याहून वाईट जोडी नाही. अति तिथे माती म्हणतात, ती जपण्यातही होते.

हे सगळं मी रेवाला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे माझ्या मराठीसारखंच झालं. घरात ठेवली आहे, चालवली नाही."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. यंदाच्या गणपतीत आप्पांच्या जागी ती उभी राहणार होती, नावाड्याचं आख्यान घेऊन. बाकीची आख्यानं कुठल्याही कीर्तनकाराकडे मिळतील. नावाड्याचं मात्र आप्पाजींच्या आजोबांनी रचलेलं, या घराबाहेर कुठेच नाही. बेतवेला पूर आलाय, उद्या चतुर्थी, मूर्ती पैलतीरावर अडकलेली. एक नावाडी नको नको म्हणत शेवटी नाव घालतो आणि देवाला ऐलतीरी आणतो. देवाची वाट बघणारे गावचे कारभारी विचारतात, बाबा, तुला काय हवं? त्यावर नावाडी जे उत्तर देतो, तिथे सगळा मांडव आधी हसायचा आणि मग चिडीचूप व्हायचा. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. उत्तराचे शब्द मात्र मलाही आठवेनात.

"आप्पांना लिहून द्यायला सांग की," मी म्हटलं.

"सांगितलं. त्यांना येत नाही आठवून. म्हणतात, गाताना पुढची ओळ आपली आपण यायची. आवाज गेला, तशा ओळीपण गेल्या."

दुसऱ्या दिवशी आप्पाजी स्वतः आले. गळ्याशी पांढरा रुमाल, हातात मुलांची खोडायची पाटी असते ती. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "आप्पाजी, ही कधीही कायमची मिटेल. सगळं मिळेलच असं नाही. आधी काय काढू?" त्यांनी पाटीवर लिहिलं, नावाडी. मग ती खोडून लिहिलं, घाई नको. हा माणूस कीर्तनातही गोष्ट अशीच रंगवायचा.

लोक विचारतात, चिपा सोडवून थेट त्यातलं का वाचत नाही? कारण असल्या ड्राइव्हमध्ये कारभारी माल कुलपात ठेवतो आणि किल्ली त्याच्याच पोटात असते. त्याला जिवंत ठेवूनच काम करावं लागतं. मी स्पिरिटने तोंडातलं कुंकू साफ केलं. ड्राइव्हला काही लिहू द्यायचं नाही, फक्त वाचायचं, अशी यंत्रावर व्यवस्था केली. जे सहज येतंय ते आधी घ्यायचं, जिथे अडेल तिथे हुज्जत न घालता पुढे जायचं, आणि राहिलेल्यासाठी मागाहून परत यायचं. माझ्या धंद्यात हट्टी माणूस नुकसान करतो.

तरी कारभारी अडखळत होता. एकेक कप्पा पुन्हा पुन्हा तपासून तापायचा आणि मिटायचा. थंडीत लिहिलेलं थंडीतच बरं वाचतं, हा माझा अनुभव. म्हणून मी त्या ड्राइव्हला जानेवारी दिला. ऐन श्रावणाच्या दमटीत एसी पूर्ण सोडला, ड्राइव्ह ओलाव्यापासून पिशवीत बंद केली आणि बर्फाच्या बाटल्यांवर टेकवलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवली. मी शाल पांघरून बसले. बांगड्यावाले शेजारी डोकावले आणि विचारून गेले, "दीदी, तबीयत तो ठीक है?"

आलं. तुकड्यातुकड्यांनी का होईना, नावाड्याचं आख्यान आलं. त्यामागून बाकीची आख्यानंही बरीचशी आली. सगळ्याची दुसरी प्रत करून होईपर्यंत मी कुणाला कळवलं नाही. मग दोघांना बोलावलं आणि लावलं.

आप्पाजींचा आवाज दुकानात भरला. भरदार, किंचित अनुनासिक, मध्येच खोकल्याचा बहाणा करून श्रोत्यांना ताटकळत ठेवणारा. आप्पाजी स्टुलावर बसून ऐकत होते, आणि त्यांचा हात माझ्या टेबलावर ताल धरत होता. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. पूर आला, नाव हेलकावली, मूर्ती उतरली. "बाबा रे, तुला काय हवं?" कारभाऱ्यांचा प्रश्न खणखणीत ऐकू आला.

आणि पुढे काही नाही. निव्वळ शांतता, मग एक खरखर, आणि एकदम गजर सुरू. उत्तर जिथे लिहिलं होतं, तेवढेच माठ रिकामे.

रेवाने माझ्याकडे पाहिलं. "एक बार और?"

बाकी सगळं वाचलेलं असल्यामुळे गमावण्यासारखं काही नव्हतं. मी पुन्हा प्रयत्न केले. आणखी थंड करून, मग किंचित उबेवर, मग नुसती वीज देऊन पडू देऊन. त्यातल्याच एका खेपेला दिवा लागला नाही. कारभारी गेला, आणि नेहमीप्रमाणे गप्पच गेला. माझ्या हातून सुटलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण ती एक ओळ मला आजही लागते.

"जाऊ दे, दुसरं आख्यान घे," मी रेवाला म्हटलं. तिने मानेनेच नकार दिला. ती ध्वनिमुद्रण घेऊन घरी गेली आणि गणपतीपर्यंत त्याच आख्यानाच्या मागे लागली. मधल्या काळात माझ्याशी फोनवर मराठीत बोलायची. सुरुवातीला "मावशी, मी आली आहे का तुमच्याकडे उद्या?" अशी काहीबाही वाक्यं असायची. मी हसायचे, ती रागवायची, आणि पुन्हा फोन करायची.

कीर्तनाच्या दिवशी मांडव भरला. छावणीतली मंडळी होती, गल्लीतली बुंदेली माणसं होती. पेटीवाल्याशेजारी आप्पाजी झांज घेऊन बसले. रेवा नऊवारी नेसून उभी राहिली. शब्द कुठे अडखळले, कुठे हिंदी वळण आलं, पण चाल पक्की होती. पूर आला. नाव निघाली. पुढची ओळच हरवली आहे, हे त्या मांडवात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, आणि ती तिथे काय करणार हे मला विचारायचा धीर झाला नव्हता.

"बाबा रे, तुला काय हवं?" रेवाने विचारलं, आणि ती थांबली. आप्पाजींची झांज चालूच राहिली. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. लोकांना वाटलं, ही आजोबांसारखीच ताटकळत ठेवतेय.

मग तिने पदर खोचला, कमरेवर हात ठेवला आणि आमच्या गल्लीतल्या भाषेत बोलली, "महाराज, हमें कछू नईं चाने. अगली साल नदिया फिर चढ़े, तो हमईं खों टेर लियो."

म्हणजे मला काही नको, पुढच्या वर्षी नदी चढली की मलाच हाक मारा. मागच्या बाजूला बसलेली बुंदेली मंडळी आधी खदाखदा हसली. इतक्या वर्षांच्या कीर्तनात त्यांची भाषा त्यांना पहिल्यांदा ऐकू आली होती. मग मांडव चिडीचूप झाला, अगदी तिथेच, जिथे आप्पाजींच्या वेळी व्हायचा.

कीर्तन संपल्यावर रेवा आजोबांसमोर आली. "आप्पा, चुकलं का?"

आप्पाजींचे खांदे हलत होते. आवाज नसलेलं हसू होतं ते, डोळ्यांतून पाणी काढणारं. त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि बराच वेळ लावून लिहिलं, "माझ्या आजोबांचा नावाडी शुद्ध मराठी बोलायचा. खरा असाच बोलला असेल."

ती जुनी ड्राइव्ह आता माझ्याकडे आहे, कुंकवाच्या डागासकट. आप्पाजींनीच दिली. आख्यानांच्या नव्या प्रती केल्या, एक हार्ड डिस्कवर, एक पुण्याला मुलाकडे आणि एक नव्या एसएसडीत. नवी एसएसडी देव्हाऱ्यात ठेवायची नाही, एवढं मी बजावलं होतं. तरी ती देव्हाऱ्यातच आहे, फक्त नंदादीपापासून लांबच्या कोपऱ्यात. घराण्याची रीत माझ्याच्याने मोडवेना. मात्र त्या घरात खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावत नाहीत. तिची पूजा म्हणजे तिला तार जोडायची आणि दिवसभर सगळी आख्यानं लावून ठेवायची. कारभारी जागा होतो, माठ तपासतो.

मी नैवेद्याला जाते. नावाड्याचं आख्यान मुद्दाम शेवटी लावतात. आप्पाजींचा आवाज विचारतो, बाबा रे, तुला काय हवं? आणि तिथे तुटतो. आप्पाजी झांजेचा ताल सोडत नाहीत. तेवढी ओळ रेवा म्हणते.